पाट कोणाचा आला? : दुवे मोजण्याचा इतिहास आणि आपले संदर्भ

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याचा पीएचडीशी काय संबंध? विषय आहे एका छोट्या व्यवसायाची वेबसाइट, आणि तिच्याकडे बाहेरून येणारे दुवे सर्च इंजिन धरतं की नाही. पण थोडा धीर धरा. ज्या कल्पनेवर हे दुवे मोजले जातात, तीच कल्पना तुमच्या प्रबंधातल्या संदर्भसूचीच्या मुळाशी आहे. दोन्ही एकाच घरातून निघाल्या आहेत. दोन्हींची फसगतही एकाच पद्धतीने होते.

सुरुवात गणपतीच्या कारखान्यापासून करू. कोकणात गणपतीची मूर्ती सांगायला जाताना घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायची पद्धत आहे. पाटावर घराचं नाव लिहिलेलं असतं. गणेशोत्सवाच्या आधी कारखान्यात शिरलात की रांगेने लावलेले पाट दिसतात, आणि त्यावरून या मूर्तिकाराकडे कोण कोण येतं ते न विचारता कळतं. नुसते किती पाट आले एवढंच गावकरी बघत नाहीत. कोणाकडचा आला, तेही बघतात. गावच्या देवळाचा पाट आला तर त्याची चर्चा होते.

आता समजा, चिरनेरमध्ये असा एक कारखाना आहे. उरण तालुक्यातलं हे गाव, महागणपतीच्या देवळासाठी आणि १९३० च्या जंगल सत्याग्रहासाठी ओळखलं जातं. कारखानदाराच्या मुलीने शाडूच्या मूर्तींसाठी वेबसाइट केली. पाच ठिकाणांहून तिच्याकडे दुवे आले: नवी मुंबईतल्या एका सोसायटीचं पान, एका स्थानिक वर्तमानपत्रात आलेली जाहिरातवजा बातमी, मराठी विकिपीडियावरची नोंद, परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं घरगुती पान, आणि शाडूचे मूर्तिकार कुठे आहेत त्याची एक लांबलचक यादी. चार महिने झाले तरी शोधात साइट वर येत नाही. तेवढ्यात एक एजंट म्हणतो, "एक हजार बॅकलिंक देतो, आठवड्यात फरक बघा." मूर्तींचा धंदा एका हंगामाचा. हे पैसे द्यायचे की त्या पैशांत शाडू माती आणायची?

याचं उत्तर द्यायचं तर आधी इतिहास बघावा लागतो.

दुसऱ्याने घेतलेलं नाव मोजायची सुरुवात

एका कागदाने दुसऱ्या कागदाचं नाव घेतलं, याची पद्धतशीर नोंद ठेवायचं काम आधी वकिलांनी केलं. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड या गृहस्थाने डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायला सुरुवात केली. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निकालांत आला, ते त्या चिठ्ठीवर असायचं. वकील ती आपल्या पुस्तकात त्या निकालाच्या बाजूला चिकटवायचे. उद्देश व्यवहारी होता: आपण कोर्टात जो निकाल दाखवणार आहोत तो अजून टिकून आहे की नाही?

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे ग्रंथरूपात आलेल्या शेपर्डच्या सूचीत नुसता उल्लेख नसायचा, उल्लेख कसा झाला त्याचीही खूण असायची. नंतरच्या न्यायालयाने तो निकाल मानला, की फिरवला? नाव कोणी घेतलं आणि काय म्हणून घेतलं, या दोन्ही गोष्टी एकत्र नोंदल्या जायच्या.

युजीन गारफील्ड यांनी हीच पद्धत विज्ञानात आणली. १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला. शेपर्डची सूची गारफील्ड यांच्यासमोर होती. पण विज्ञानातले लाखो संदर्भ, त्यातला प्रत्येक वाचून 'मानला' की 'खोडला' हे लिहिणार कोण? ते गळलं. उरला फक्त बाण: या लेखाने त्या लेखाचं नाव घेतलं. स्तुती केली तरी एक, चूक दाखवली तरी एक.

हे गळणं पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. मोजणी सोपी झाली ती साक्षीचा अर्थ बाजूला ठेवून.

लगेच दुसरा प्रश्न आला. सगळे बाण सारखेच कसे? १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी नियतकालिकांसाठी एक हिशेब मांडला. ज्या नियतकालिकाचं नाव इतर वजनदार नियतकालिकं घेतात, त्याने केलेला उल्लेख जास्त वजनाचा धरायचा. म्हणजे देवळाचा पाट आणि सामान्य घरचा पाट यातला फरक आकड्यात आणायचा.

बॅकरब ते गूगल

१९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन पीएचडीचे विद्यार्थी वेबवरच्या दुव्यांवर काम करत होते. त्यांच्या सर्च इंजिनचं पहिलं नाव होतं 'बॅकरब'. ते मागून येणाऱ्या दुव्यांवरून, म्हणजे बॅकलिंकवरून पडलं. त्यांच्या एका अहवालाच्या शीर्षकातच 'सायटेशन' हा शब्द आहे. वेबपानाकडे येणारा दुवा म्हणजे एक प्रकारचा संदर्भच, असं ते धरून चालले होते. १९९८ च्या त्यांच्या प्रसिद्ध शोधनिबंधात २ कोटी ४० लाख पानं आणि ५१ कोटी ८० लाख दुव्यांच्या नकाशाचा उल्लेख आहे.

त्यांचा हिशेब, म्हणजे पेजरँक, मनात असा उभा करा. एक माणूस वेबवर भटकतोय. पानावरच्या दुव्यांपैकी कुठलाही एक धरतो आणि पुढे जातो. शंभरातल्या ८५ वेळा असं करतो, उरलेल्या १५ वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा अखंड फिरत राहिला तर जिथे तो जास्त वेळा सापडेल, ते पान वजनदार.

यातून दोन नियम निघतात. एक, वजनदार पानाने दिलेला दुवा जड. दोन, पान आपलं वजन आपल्या सगळ्या दुव्यांत वाटतं. आकडे काल्पनिक घेऊन करून बघा. सोसायटीच्या पानाचं वजन १२ आहे आणि त्यावर ३ दुवे आहेत. प्रत्येकाला मिळालं १२ भागिले ३ गुणिले ०.८५, म्हणजे ३.४. मूर्तिकारांच्या यादीचं वजन २० आहे, पण तिच्यावर २०० दुवे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ०.०८५. आता एजंटचे हजार दुवे घ्या. ते ज्या पानांवर असतात त्यांना स्वतःला कोणी विचारत नाही, आणि प्रत्येक पान दुव्यांनी खच्चून भरलेलं. वजन १ आणि दुवे ५०० धरले तर एका दुव्याचे ०.००१७, हजारांचे मिळून १.७. सोसायटीच्या एका दुव्याच्या निम्मे. आणि हा हिशेब ते दुवे प्रामाणिक आहेत असं धरून केलाय.

आजच्या सर्च इंजिनात पेजरँक हा अनेक घटकांपैकी एक आहे, हे विसरू नका. पण दुव्यामागचा विचार समजायला एवढं पुरेसं आहे.

मराठीचा अडथळा

हे सगळं घडत होतं तेव्हा मराठी वेबचं काय चाललं होतं? मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, म्हणजे बॅकरबच्याच काळात. पण त्या दिवसांत मराठी पानांची एक वेगळीच पंचाईत होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, तरी लोकांच्या संगणकांवर ती नीट दिसायला बराच काळ गेला. म्हणून अनेक मराठी साइट, त्यात वर्तमानपत्रंही आली, स्वतःचे फाँट वापरायच्या. वाचणाऱ्याला पडद्यावर 'गणपती' दिसायचा, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँटने त्यांना देवनागरीचा पोशाख घातलेला.

सर्च इंजिन पोशाख बघत नाही, आतली अक्षरं वाचतं. गूगलच्या पहिल्या रचनेतच दुव्याच्या शब्दांना, ज्याला अँकर टेक्स्ट म्हणतात, महत्त्व होतं. कारण दुसरा माणूस तुम्हाला कोणत्या शब्दांत ओळखतो, हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलेल्यापेक्षा बरेचदा खरं असतं. मराठी फाँटमधल्या पानावरून आलेला दुवा मोजला जाऊ शकत होता, पण त्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. पाट आला, पण त्यावरचं नाव पुसलेलं. युनिकोड रुळल्यावर हा अडथळा गेला. तरी सवय राहिली: आजही अनेक मराठी पानांवर दुव्याचे शब्द असतात 'येथे क्लिक करा'. त्यातून सर्च इंजिनला काय कळणार? 'चिरनेरचे शाडूचे गणपती' असं लिहिलं तर काहीतरी कळेल.

खोटे पाट

मोजणीला किंमत आली की खोटी मोजणी येते. कारखानदाराने स्वतःच पन्नास पाट करून रांगेत लावले तर? वेबवर हेच झालं. एकमेकांना दुवे देणाऱ्या साइटींच्या शेती उभ्या राहिल्या, प्रतिक्रियांच्या चौकटीत दुवे चिकटवले जाऊ लागले, दुव्यांची सरळ विक्री सुरू झाली.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली. दुव्याला ती लावली की अर्थ असा: मी हे नाव घेतोय, पण याची हमी देत नाही. म्हणजे शेपर्डच्या चिठ्ठीतून गळलेली गोष्ट, 'काय म्हणून नाव घेतलं', ती १३२ वर्षांनी मागच्या दाराने परत आली. विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना ही खूण असते. २०१९ मध्ये दोन खुणा आणखी आल्या: पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड', आणि वाचकांनी टाकलेल्याला 'यूजीसी'. (आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाशी याचा संबंध नाही, नुसता अक्षरांचा योगायोग.) तेव्हापासून गूगल नोफॉलोकडे हुकूम म्हणून न बघता इशारा म्हणून बघतं.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला. विकतच्या दुव्यांवर वर चढलेल्या साइट खाली घसरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'हे दुवे माझे धरू नका' असं कळवायची सोय आली. २०१६ पासून असे दुवे बहुतेक वेळा नुसते शून्य धरले जातात. म्हणजे एजंटचे हजार दुवे घेतले तर बऱ्या परिस्थितीत पैसे वाया, वाईट परिस्थितीत साइटवर कारवाई.

मग ते पाच दुवे?

आता चिरनेरला परत येऊ. दुवा मोजला जायचा तर चार प्रश्नांची उत्तरं हवीत. दुव्याचं पान यंत्राला वाचता येतं का? ते पान स्वतः इंडेक्समध्ये आहे का? दुवा देणाऱ्याने हमी दिली आहे का? आणि दुवा बरोबर पत्त्यावर पोहोचतो का?

सोसायटीचं पान सभासदांच्या लॉगिनमागे असेल तर पहिल्याच प्रश्नाला अडलं. वर हिशेबात मिळालेले ३.४ कागदावरच राहिले. सोसायटीने गणेशोत्सवाचं पान सगळ्यांसाठी उघडं केलं तर उपयोग. वर्तमानपत्रातली बातमी पैसे देऊन आलेली असेल तर तिच्यावर स्पॉन्सर्डची खूण असणार, आणि असायलाच हवी. विकिपीडियाचा दुवा नोफॉलो. तिथे धंद्याची जाहिरात घुसवणं हे तसंही त्या जागेच्या नियमात बसत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाने मनापासून दुवा दिला, पण साइटचा पत्ता नंतर बदलला. जुना पत्ता आता कुठेच जात नाही. तिथून नव्या पत्त्यावर कायमचं वळण लावलं की हा दुवा जिवंत होतो. यादीतला दुवा साधा आणि खरा आहे, फक्त हलका, आणि त्या यादीकडे यंत्राची फेरी कधी होते यावर तो कधी धरला जाईल ते ठरतं.

आणखी एक. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दुव्यांची जी यादी दिसते, तो एक नमुना असतो. तिथे नोफॉलो दुवेही दिसतात. त्यामुळे यादीत दिसला म्हणजे मोजला गेला असं नाही, आणि दिसला नाही म्हणजे मोजला गेला नाही असंही नाही.

पैसे कुठे घालायचे? शाडू मातीत. आणि एक दिवस जुन्या पत्त्याचं वळण लावण्यात, एक फोन सोसायटीच्या सचिवांना.

आता तुमचं काम

इतका वेळ वेबसाइटबद्दल बोललो, कारण आपल्याकडे खोटे पाट आधीच आले आहेत. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीमान्य नियतकालिकांच्या यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि कुठल्या मोठ्या इंडेक्समध्ये नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मदतीने 'यूजीसी-केअर' यादीची व्यवस्था उभी राहिली. २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली. म्हणजे कोणत्या नियतकालिकावर विश्वास ठेवायचा, हे ठरवायची जबाबदारी पुन्हा आपल्याकडे आणि आपल्या संस्थेकडे आली. एजंटने दुवे विकले तसे तुम्हालाही कोणी 'पंधरा दिवसांत पेपर छापून देतो' म्हणेल. हिशेब तोच आहे.

म्हणून एक सराव देतो, चिरनेरवरचाच. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. पनवेलचे मामलेदार जोशी यांचाही त्या दिवशी मृत्यू झाला. दरवर्षी त्या तारखेला गावात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. या घटनेवर तुम्हाला मिळतील तितके लेख, पुस्तकं आणि वेबपानं गोळा करा. एका कागदावर प्रत्येकासाठी एक गोल काढा. कोणी कोणाचा आधार घेतला त्याचे बाण काढा.

करताना तेच चार प्रश्न विचारा. पहिला, मूळ साधन मला वाचता येतं का, की कोणीतरी सांगितलेलं मी पुढे सांगतोय? दुसरा, ज्याचा आधार घेतला त्याला स्वतःला कशाचा आधार आहे? दहा पानांनी एकाच स्मरणिकेतून उतरवलं असेल तर तुमच्याकडे दहा साक्षीदार नाहीत, एकच आहे. तिसरा, लेखक हे काय म्हणून सांगतोय? पोलिसांचा अहवाल, आरोपींच्या वकिलाची बाजू आणि गावातली आठवण, तिघांच्या साक्षीला वेगवेगळी खूण लावा, शेपर्ड लावायचा तशी. चौथा, पत्ता बरोबर आहे का? हे चौथं नवख्या अभ्यासकाला हमखास अडवतं. आज चिरनेर उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात आहे. १९३० च्या कागदांत ते पनवेल तालुका, कुलाबा जिल्हा या नावाखाली शोधावं लागतं. कुलाब्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. 'रायगड' हा शब्द घेऊन त्या काळच्या सूचीत बसलात तर रिकाम्या हाताने परत याल आणि साधनंच नाहीत असं लिहून बसाल. साधनं असतील, पण ती जुन्या पत्त्यावर. परदेशातल्या त्या गिऱ्हाइकाच्या दुव्यासारखी.

बाण काढून झाले की कागदाकडे बघा. ज्या गोलाकडे सगळ्यात जास्त बाण जातात, ते साधन आधी हातात घ्या आणि स्वतः वाचा. बरेचदा तिथे एवढंच कळतं की त्याने जेवढं म्हटलंय, त्यापेक्षा पुढच्यांनी जास्त म्हटलंय. तुमच्या संशोधनाचा पहिला प्रश्न तिथे मिळू शकतो.

पुढच्या वेळी जंगल सत्याग्रहाची साधनं कुठल्या दप्तरात कोणत्या नावाखाली शोधायची, ते पुसद आणि बिळाशी यांची उदाहरणं घेऊन बघू. तोवर हा कागद काढून ठेवा.